कोरड्या टाकीचं विरजण

वाळवंटातली माणसं काय खातात, काय पितात, उंटावर कशी बसतात याच्या गोष्टी पुष्कळांनी सांगितल्या आहेत. खाल्लेलं-प्यालेलं पुढे जातं कुठे, हे मात्र कुणी सांगत नाही. सांगणाऱ्याला लाज वाटते आणि ऐकणारा नाकाला पदर लावतो. मराठवस्तीत जे घडलं ते सगळं या न सांगितलेल्या गोष्टीपायी घडलं, तेव्हा आता नाक दाबून चालायचं नाही.

मराठवस्ती हे नाव शेजारच्या ढाणीतल्या लोकांनी ठेवलं. ढाणी म्हणजे थरच्या वाळूतली दहा-वीस घरांची वाडी. जैसलमेरच्या पुढे सौरपट्ट्यांचं रान क्षितिजापर्यंत पसरलं, तेव्हा त्या पट्ट्या पुसायला, बदलायला माणसं हवी होती, आणि सांगोल्या-जतची माणसं उन्हाला भीत नाहीत असं कंपनीतल्या कुणीतरी ऐकलं होतं. अक्षय आणि स्नेहल पहिल्याच खेपेला आले. तो पट्ट्यांवरचा मेकॅनिक. ती सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेऊन घरात बसलेली, कडेवर चार महिन्यांचा मुलगा.

कंपनीने घरं बरी दिली. प्रत्येक घराला संडास, संडासामागे सेप्टिक टाकी. टाकीचा नकाशा तेवढा कुठल्यातरी पावसाळी गावचा होता. सेप्टिक टाकी म्हणजे शेवटी पाण्याने भरलेलं पोट. पाणी असेल तर त्यातले जंतू जगतात, मैला पचतो आणि निवळलेलं पाणी पुढे शोषखड्ड्यात जातं. इथे पाणी टँकरचं. बायका अंघोळीचं पाणी लिंबाच्या रोपाला घालायच्या, भांडी राखेने घासून वाळूने कोरडी करायच्या आणि संडासात ओतायचं ते पेलाभर. पोटात पाणी नाही म्हटल्यावर पचणार काय, कपाळ! चैत्र लागेपर्यंत टाक्यांमधला मैला गोवरीसारखा वाळला, नळ तुंबले. जे थोडं झिरपलं ते वाळूतून सरसर खाली उतरलं, खालच्या टणक थरावर अडलं, आडवं पसरलं आणि कुणाच्या तरी ओट्याखालून वर आलं. मैला उपसणारी गाडी शहरातून यायची, तीही तिच्या मनात असेल तेव्हा. दुसऱ्या उन्हाळ्यात काविळीने वस्तीतली दोन पोरं नेली. बायका डबडं घेऊन टेकाडांमागे जाऊ लागल्या आणि कंपनीचे संडास शेळ्या बांधायच्या कामी आले.

मग कोरडी टाकी आली.

कल्पना साधी होती, आणि साध्या कल्पनाच माणसाला जास्त भुलवतात. कुठलाही जीव अन्न खातो आणि ते अंगात जाळायला त्याला आणखी काहीतरी लागतं. आपण प्राणवायू ओढून घेतो. जिथे प्राणवायू पोचत नाही अशा चिखलातले काही जीवाणू त्याऐवजी सल्फेट ओढतात, आणि जिप्सम नावाच्या पांढऱ्या खडकात सल्फेट ठासून भरलेलं असतं. थरमध्ये पाण्याची बोंब, पण जिप्सम मागाल तेवढं. शास्त्रज्ञांनी खाऱ्या सरोवराच्या गाळातला असा एक जीवाणू घेतला, त्याची जनुकं बदलली आणि वैशाखाच्या तापात, जवळजवळ कोरड्या मैल्यातही जगेल असा वाण तयार केला. जाड प्लास्टिकची बंद टाकी, त्यात अधूनमधून मूठभर जिप्समची पूड आणि पेलाभर पाणी. वर्षाने तळाशी मातीसारखी भुकटी उरायची, तिला वासही नसायचा.

फुकट मात्र काहीच नसतं. जिप्समवर जगणारा हा जीवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतो. सडक्या अंड्याच्या वासाचा, माणूस मारणारा वायू. तो अडवायला टाकीच्या नळीत लोखंडाचा कीस भरलेला असे. आणि जीवाणू टाकीबाहेर पळू नयेत म्हणून शास्त्रज्ञांनी त्यांना मुद्दाम परावलंबी केलं होतं. महिन्याला एक निळी गोळी टाकीत पडली नाही, तर ते मरून जायचे.

टाक्यांच्या देखरेखीला कंपनीने स्नेहलला नेमलं आणि प्रशिक्षणाला जयपूरला पाठवलं. तिथल्या शिकवणाऱ्या बाईंचं एक वाक्य तिच्या डोक्यात पक्कं बसलं. "सडक्या अंड्याचा वास येतोय तोवर पळायला वेळ आहे. वास येईनासा झाला तर वायू गेला असं समजू नका, नाक मेलं असं समजा." हा वायू नाकाची जाणीवच बधिर करतो, हे तिने वस्तीत परतल्यावर सगळ्यांना सांगितलं. पण वस्तीत वासच उरला नव्हता, त्यामुळे ते कुणी मनावर घेतलं नाही. माश्या गेल्या, कावीळ गेली. लोक स्नेहलला टाकीवाल्या मॅडम म्हणू लागले, आणि खोटं कशाला बोला, तिला ते आवडायचं.

धापूकाकीची ओळख याच्याही आधीची. पहिल्या उन्हाळ्यात टँकर वाटेत अडकला आणि स्नेहलच्या तान्ह्या मुलाला जुलाब सुरू झाले, तेव्हा ढाणीतली एक उंच, हाडापेराची म्हातारी डोक्यावर घडा घेऊन दारात उभी राहिली. तिने स्नेहलच्या माठात पाणी ओतलं आणि आली तशी निघून गेली. गोड, थंड पाणी. पोरगं त्या पाण्यावर वाचलं. ते पाणी धापूकाकीच्या कुंईचं होतं.

कुंई म्हणजे विहिरीची बारकी, काटकी बहीण. त्या भागात वाळूखाली खडियाचा पांढरा थर असतो. थराच्या खाली समुद्रासारखं खारं पाणी. थराच्या वर, वाळूत, वर्षानुवर्षांच्या पावसाची अडकून राहिलेली गोड ओल. माणूस जेमतेम उकिडवा मावेल एवढी अरुंद आणि चांगली दहा-बारा पुरुष खोल नळी त्या थरापर्यंत खणायची. वाळूतली ओल थेंबाथेंबाने सुटते आणि तळाशी दिवसाला दोन-तीन घडे पाणी जमतं. खाली उतरलेला माणूस गुदमरू नये म्हणून वरचे लोक मुठीमुठीने जोरात वाळू टाकत राहतात. वाळू पडताना ताजी हवा खाली ओढून नेते. खालचा माणूस डोक्यावर पितळेचं भांडं घालून बसतो आणि वाळू त्या भांड्यावर वाजत राहते.

कुंई ज्याची त्याची, पण जमीन सगळ्या ढाणीची. नवी कुंई खणायची तर सगळ्यांचा होकार लागतो, कारण ओल एकच. नवी कुंई म्हणजे त्याच ओलीची आणखी एक वाटणी. धापूकाकीने एकदा स्वतःच्या दिराची गोष्ट सांगितली. ती मारवाडी बोलायची, स्नेहल सांगोल्याची हिंदी, आणि इतक्या सहवासाने दोघींची मिळून तिसरीच भाषा झाली होती.

"वेगळा निघाला तेव्हा त्याने कुंई मागितली," धापूकाकी म्हणाली. "मी नाही म्हणाले. सगळ्यांच्या आधी मीच म्हणाले."

"सख्खा दीर, काकी!"

"म्हणून तर मी म्हणायचं. दुसऱ्याने म्हटलं असतं तर दोन घरांत वैर झालं असतं. तो गाव सोडून गेला. मेला तेव्हा मला कळवलंसुद्धा नाही त्यांनी."

स्नेहलला वाटलं, काय दगडाच्या काळजाची माणसं! आपल्याकडे दारात आलेल्याला असं परत पाठवत नाहीत. विरजणालासुद्धा नाही म्हणत नाहीत. दिवेलागणीनंतर देऊ नये, एवढाच काय तो नियम.

पुढे वस्तीला मागची ओळ फुटली. पत्र्याच्या खोल्या, कंत्राटी माणसं. कोरडी टाकी फक्त कायम नोकरीवाल्यांना मिळायची, त्यामुळे मागच्या ओळीच्या नशिबी पुन्हा टेकाडं आली. त्या ओळीत अक्षयचा धाकटा भाऊ ओंकार, त्याची बायको ऋतुजा आणि त्यांची मुलगी ईश्वरी राहायला आली. एका सकाळी टेकाडामागे दोन मोटारसायकलवाले ईश्वरीच्या मागे लागले. पोरगी धावत घरी आली. तिला काही झालं नाही, पण त्या दिवसापासून तिने पाणी पिणंच सोडलं. प्यायलं की बाहेर जावं लागतं. ओठ फुटले, लघवीला आग होऊ लागली, तरी ती घोटभराच्या वर घेईना.

ऋतुजा दिवेलागणीच्या आधी आली. पदराखाली स्टीलची वाटी होती.

"अक्का, विरजण पायजे."

"काल तर दही लावलंस ना तू?"

"दह्याचं न्हाई." ऋतुजाने मान खाली घातली. "टाकीचं."

स्नेहलला नियम पाठ होते. टाकीतलं काही बाहेर काढायचं नाही, हे तीच दर महिन्याला घरोघर सांगत फिरायची. पण तिला ईश्वरीचे ओठ दिसत होते. तिने टाकीचं झाकण उघडलं, पळीभर गाळ वाटीत घातला आणि निळी गोळी दातांनी तोडावी तशी नखाने मोडून अर्धी दिली.

"खड्ड्याला खालून जाड प्लास्टिक घाल हं, मूठभर जिप्सम टाक, नळीत लोखंडाचा कीस भर. आणि कुणाला बोलू नको."

"तुमच्या गळ्याची आण," ऋतुजा म्हणाली आणि वाटी झाकून गेली. ईश्वरी पाणी प्यायला लागली. त्या आठवड्यात ऋतुजाने जाऊबाईंना पुरणपोळ्या पाठवल्या.

आण मोडायला फार दिवस लागले नाहीत. शेजारणीची सून बाळंत झाली, ती बाहेर कशी जाणार? ऋतुजाने वाटीभर दिलं, पाव गोळी दिली. त्या शेजारणीकडे तिच्या गावची बाई आली. विरजण मागायला आलेल्या बाईला रिकाम्या वाटीने पाठवायचं असतं का कुठे? मागच्या ओळीमागे आणखी एक ओळ झाली, आणि तिथेही खड्डे झाले. खाली घातलेलं प्लास्टिक पट्ट्यांच्या खोक्यांतलं, पातळ. ते उन्हाने तडकलं की नाही हे खड्ड्यात वाकून बघणार कोण?

काटकसर हा आपल्या बायकांचा मोठा गुण. इथे त्या गुणानेच घात केला. गोळी अर्धी मिळाली तेव्हा खड्ड्यातले बहुतेक जीवाणू मेले, पण अर्ध्यावर भागवू शकणारे थोडे तगले आणि त्यांचीच प्रजा वाढली. मग पाव गोळी आली, तेव्हा पाव गोळीवाले तगले. मग चिमूट. शेवटी ज्यांना गोळी लागतच नाही असे जीवाणू खड्ड्याखड्ड्यात नांदू लागले. मोठ्या प्रयोगशाळेने घातलेलं कुलूप बायकांनी चिमटीचिमटीने उघडलं, आणि त्यांच्या गावीही नव्हतं. मागच्या ओळींत इतके खड्डे चालतात आणि गोळ्या कुणी मागत कसं नाही, असा प्रश्न स्नेहलला पडायला हवा होता. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. तिने ती झाकलेलीच ठेवली.

ईश्वरी दहावीला गेली त्या वर्षी होळीनंतर धापूकाकीची चांदीची कडी काळी पडली.

"सोनाराने फसवलं मेल्याने," ती पाय पुढे करून म्हणाली. "आणि कुंईही रुसलीय. दोन घड्यांचा एक झाला. वास मारते."

स्नेहल तिच्याबरोबर गेली. कुंईचं लाकडी झाकण सरकवलं आणि ती वाकली. सडकी अंडी.  घागरीतल्या पाण्यात तिने टाक्यांचा वायू तपासायचा कागद बुडवला, तो बघता बघता काळा झाला.

तिला सगळं एका क्षणात कळलं. खडिया म्हणजेच जिप्सम. ज्या जीवाणूंना आपण मूठमूठ पूड घालत होतो, ते फाटक्या प्लास्टिकमधून मैल्याबरोबर खाली उतरले आणि कोसभर पसरलेल्या जिप्समच्या थराला जाऊन भिडले. उंदराला धान्याच्या कोठारात सोडून दिल्यासारखं झालं. थराला भोकं पडली की वरची गोड ओल खाली खाऱ्यात जाणार. आणि वायूला वर यायला वाट एकच, पोकळ कुंई.

"काकी, हे पाणी आता पिऊ नका."

"का गं? काय झालंय?"

"मी तपासते नीट. मग सांगते." वायूचं ती बोलली नाही. बोलली असती तर तो कुठून आला हेही सांगावं लागलं असतं.

धापूकाकीचा मुलगा मगाराम तिथेच शेळीच्या पिलाला बाटलीने दूध पाजत बसला होता. त्याचं लग्न होऊन वर्ष झालं होतं, बायकोला दिवस गेले होते. तो हसून म्हणाला, "मावशी, तुमच्या टाक्यांना औषध असतं तसं आमच्या कुंईला पण द्या की काहीतरी."

त्या संध्याकाळी स्नेहलने अक्षय, ओंकार आणि ऋतुजाला समोर बसवून सगळं सांगितलं. उपाय होता. हवा हाच या जीवाणूंचा काळ. सगळे खड्डे खणून उघडे करायचे, ऊन-वारा लागू द्यायचा. थराशी पोचलेले मरणार नाहीत, पण निदान त्यांना वरून अन्न मिळायचं थांबेल. त्यासाठी आधी कंपनीला आणि ढाणीला सांगायला हवं.

"कंपनी मागची ओळ एका दिवसात पाडंल," ओंकार म्हणाला. "आमची नोकरी तर गेलीच."

ऋतुजाने स्नेहलचे हात धरले. "अक्का, ईश्वरीचा शेवटचा पेपर शनिवारी हाय. तेवढं होऊ द्या. मधीच हाकललं तर पोरीचं वर्ष बुडंल. शिकली तर या वाळूतनं सुटंल ओ ती."

"इतकी वर्षं झिरपतंय," अक्षय म्हणाला. "चार दिवसांनी सांगितलंस तर काय आभाळ कोसळणार आहे?"

स्नेहल गप्प बसली, आणि तिचं गप्प बसणं म्हणजे होकार हे सगळ्यांना कळलं. ती ऋतुजासाठी थांबली, ईश्वरीसाठी थांबली, हे खरंच. पण पहिलं विरजण तिच्या हातचं होतं, म्हणूनही थांबली. तिला भीती वाटत होती.

शनिवारी सकाळी ईश्वरी पाया पडायला आली. स्नेहलने तिच्या तळहातावर दहीसाखर घातली. तेवढ्यात धापूकाकी कुंपणातून आत आली. गेल्या कित्येक दिवसांत तिचा चेहरा इतका मोकळा दिसला नव्हता.

"गेला बघ!" ती म्हणाली. "वास गेला! कालपासून कुणालाच येत नाही. खेतरपाल देवाला नारळ बोलले होते मी. ऐकलं त्याने."

स्नेहलने वाटी खाली ठेवली. "कुणालाच येत नाही? काकी, तुमच्या घरात कुणालाच?"

"सांगते काय मग! रात्रंदिवस झाकण उघडं ठेवलं, निघून गेला सगळा. मगाराम उतरतोय आता गाळ काढायला. दोन दिवसांत पाणी—"

स्नेहल अनवाणीच पळत सुटली. पळता पळता तिने अक्षयला हाक मारली, पट्ट्या साफ करायचा हवेचा पंप घेऊन ये म्हणून ओरडली. वाळूत पाय रुतत होते. लांबून तिला कुंईभोवतीची माणसं दिसली. ती शांत उभी होती, दोर हळूहळू सोडत होती. कुणीच घाईत नव्हतं.

"वर ओढा त्याला!"

त्यांनी तिच्याकडे बघितलं. दोर ढिला होता. तळाशी पोचल्यावर मगारामने कमरेची गाठ सोडली होती, गाळ काढायला वाकता यावं म्हणून. एकाने खाली तोंड करून हाक मारली. खालून काही आलं नाही.

"वाळू टाका!" स्नेहल ओरडली, आणि स्वतःच मूठ भरून टाकली. मग सगळेच टाकू लागले. खालून पितळेच्या भांड्यावर वाळू वाजल्याचा आवाज येत होता. प्रत्येक मुठीला तो आवाज तसाच, त्याच जागी. भांड्याखालचं डोकं हलत असतं तर आवाज बदलला असता, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं, तरी कुणी थांबलं नाही. धापूकाकी धापा टाकत पोचली आणि तीही काठाशी बसून मुठी भरू लागली. मगारामचा चुलतभाऊ दोर कमरेला बांधून उतरायला निघाला, तेव्हा स्नेहलने त्याचे पाय धरले. "तू पण मरशील. हवा सोडल्याशिवाय नको." त्याने तिला शिवी दिली, लाथ मारली. तिने पाय सोडले नाहीत.

अक्षयने पंप आणला, नळी खाली सोडली, बराच वेळ हवा मारली. मग तो चुलतभाऊ उतरला. त्यांनी मगारामला वर काढलं तेव्हा तो गेलेला होता. धापूकाकीने त्याच्या डोक्यावरचं भांडं काढलं आणि केसांतली, कानांतली वाळू बोटाने काढत बसली. खूप वेळाने तिने मान वर केली.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"मंगळवारपासून."

धापूकाकीने मुलाच्या पापणीवरचा वाळूचा कण टिपला. "आज काय वार आहे?" तिने विचारलं.

"शनिवार," स्नेहल म्हणाली. त्यापुढे तिला रडूसुद्धा आलं नाही.

त्या दुपारी तिने सगळं सांगितलं, आधी ढाणीत आणि मग कंपनीत. पहिली वाटी आपण भरली, हेही. मागच्या ओळींतल्या बायका एकेक करून पुढे आल्या आणि स्वतःच आपापले खड्डे दाखवू लागल्या. खड्डे उघडले, ऊन लागलं, पण खाली खडियाशी जे पोचलं होतं ते कुठल्याच फावड्याला उघडता येणार नव्हतं. मागच्या ओळी पाडल्या गेल्या. ऋतुजा जाताना दाराशी आली नाही. ईश्वरी पहिल्या वर्गात पास झाली, हे स्नेहलला तिसऱ्याच बाईकडून कळलं. कंपनीने स्नेहलला कामावरून काढलं, तपासणीची खोली रिकामी करून सामान नेलं. तिने आपल्या घराची टाकीही उघडी केली, आणि आता तीही पूर्वीसारखी डबडं घेऊन टेकाडांकडे जाऊ लागली.

"चल, जाऊ आपण गावी," अक्षय रोज म्हणायचा.

"जाऊ," ती म्हणायची, आणि संध्याकाळी ढाणीकडे चालू लागायची.

धापूकाकीची कुंई दगड घालून बुजवली होती. ढाणीत आणखी काही कुंया होत्या. त्यांच्यात वायू शिरला की नाही हे आता नाकावर सोडून चालणार नव्हतं, आणि तपासणीचे कागद कंपनीने नेलेल्या सामानात गेले होते. स्नेहलने आपल्या पायातलं एक जोडवं काढलं. चांदीला तो वायू लागला की चांदी काळी पडते. धापूकाकीच्या कड्यांनी ते तिच्याही आधी सांगितलं होतं.

"सवाष्णीने जोडवी काढू नयेत," अक्षय हळूच म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली.

जोडवं राखेने लख्ख घासायचं, दोऱ्याला बांधून एकेका कुंईत सोडायचं आणि थोड्या वेळाने वर ओढून बघायचं. पहिले काही दिवस ढाणीतलं कुणी तिच्याशी बोलत नसे. पोरं लांबून खडे मारायची. मग एका संध्याकाळी धापूकाकी येऊन तिच्यापासून थोडी दूर, पाठ करून बसली. दुसऱ्या दिवशीही बसली. बोलली नाही. ज्या कुंईतून जोडवं काळं निघे त्या कुंईच्या मालकाला स्नेहल सांगे, आणि तो मान डोलावून दगड गोळा करायला जाई. पावसाळा आला तसा गेला. दिवाळीपर्यंत एकच कुंई उरली, ढाणीच्या पार टोकाची. सगळ्या घरांचे घडे आता तिच्यापुढे रांगेत लागायचे, आणि प्रत्येकाला अर्धाच मिळायचा.

अशाच एका संध्याकाळी वारा पडला होता. स्नेहलने जोडवं वर ओढलं, पदराने पुसलं. मग राख घेऊन घासलं, पुन्हा सोडलं, पुन्हा ओढलं. बायका घडे घेऊन उभ्या होत्या. त्यांत मगारामची बायको होती, कडेवर दोन महिन्यांचं मूल घेऊन. पोराच्या पायात काळा दोरा होता आणि ते झोपलं होतं.

धापूकाकी पहिल्यांदाच तिच्याकडे वळली. म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तिला जोडव्याचा रंग दिसत नव्हता.

"कसं आहे?" तिने विचारलं.

 ते मूल पाण्याविना कसं वाढणार, हा प्रश्न स्नेहलच्या डोळ्यांपुढे होता. उद्या पुन्हा बघू, दोन दिवस थांबू, असं म्हणता आलं असतं. या वेळी तिने शनिवारची वाट पाहिली नाही.

"काळं आहे, काकी," ती म्हणाली.

धापूकाकी गुडघ्यांवर हात टेकून उठली. चाचपडत तिने कुंईचं लाकडी झाकण शोधलं आणि ओढायला लागली. झाकण जड होतं, तिला एकटीला जागचं हलेना.

"धर," ती म्हणाली.

स्नेहलने दुसरी बाजू धरली, आणि दोघींनी मिळून ते कुंईवर ठेवलं.